व्यसनमुक्ती आणि परीक्षेची धास्ती

१९८० च्या दशकात पुण्या-मुंबईच्या तरुणांत गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, पसरत होते. त्यावरील उपचारासाठी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले. ‘टर्की’, म्हणजे गर्द थांबताच होणारा निद्रानाश, घाम, थरथर व धडधड, ही परीक्षेच्या भीतीशी इतकी मिळतीजुळती असते की बरा होणारा विद्यार्थी साध्या धास्तीलाच नशेची ओढ समजू शकतो, आणि हा धोका खरोखर गंभीर आहे. १९३५ साली अमेरिकेत जन्मलेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या मद्यमुक्तीच्या संघटनेने रुजवलेली ‘फक्त आजचा दिवस’ ही शिस्त येथे उपयोगी पडते, कारण तिच्यामुळे संपूर्ण अभ्यासक्रमाचे ओझे आजच्या धड्यापुरते उरते. सवय जडवणाऱ्या झोपेच्या गोळ्या मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून टाळाव्या लागतात.