कोंब, काड्या आणि चंद्रकला

दादासाहेब फाळके म्हटले की ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. पण त्याआधी, १९१२च्या सुमारास, त्यांनी कुंडीत रुजणाऱ्या वाटाण्याचे चित्रण केले होते. दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण करून कोंबाची वाढ त्यांनी काही क्षणांत पडद्यावर उलगडली. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटात त्यांनी निर्जीव काड्या हलत्या केल्या.

तंत्र जवळजवळ एकच असले तरी दोन्हींत मूलभूत फरक आहे. वाटाणा आपला आपण वाढत होता. कॅमेऱ्याने फक्त वाट पाहिली. काडी मात्र हाताने सरकवल्याशिवाय हलत नव्हती. पहिले चित्रण निसर्गाचा पुरावा, तर दुसरे माणसाची रचना.

ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठात गॅरी होबन यांनी २००५च्या सुमारास ही दुसरी रीत भावी प्राथमिक शिक्षकांच्या हाती दिली. तिचे नाव ‘स्लोमेशन’. कागदाची, मातीची प्रारूपे टेबलावर आडवी मांडायची, जराशी सरकवायची आणि दर वेळी वरून छायाचित्र घ्यायचे. चित्रपटाला सेकंदाला २४ चित्रे लागतात. येथे दोन पुरतात. गती मंद असल्याने निवेदनालाही सवड मिळते.

प्राथमिक शिक्षकाला सगळेच विषय शिकवावे लागतात; विज्ञान शिकवताना अनेकांचा आत्मविश्वास डळमळतो. होबन आणि वेंडी नील्सन यांनी अभ्यासलेल्या एका गटाचा विषय चंद्रकला हा होता. पृथ्वीची सावली पडून कला होतात, हा समज जगभर आढळतो. टेबलावर सूर्य, पृथ्वी, चंद्र मांडले की तो टिकत नाही. अष्टमीला चंद्र बाजूला असतो, पृथ्वीची सावली मात्र सूर्याच्या विरुद्ध दिशेला. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला तर चंद्र सूर्याच्याच बाजूला. सावली तेथे पोहोचणार कशी? ती पोहोचू शकते पौर्णिमेलाच, आणि पोहोचली की ग्रहण लागते.

अर्थात, नुसत्या चंद्रकोरी कापून ओळीने मांडल्या तरी चित्रफीत तयार होते, दिसतेही सुबक. सूर्यच मांडला नाही तर प्रश्नही उभा राहत नाही. फाळक्यांच्या वाटाण्याला खोटे वाढता येत नव्हते. हाताने सरकवलेला चंद्र कोठेही जाऊ शकतो. म्हणून अशा चित्रफितीचे मोल ठरवताना ती किती देखणी झाली यापेक्षा, प्रत्येक वस्तू तेथेच का ठेवली, हे करणाऱ्याला सांगता येते का, ते आधी विचारले पाहिजे.