बुद्ध्यांक 69 की 70? प्रौढांच्या चाचणीतला आकडा किती खरा मानायचा

'दहा प्रश्नांत तुमचा आयक्यू' अशा लिंकवर 130 आकडा आला, स्टेटसला टाकला, विषय संपला. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात बौद्धिक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आलेल्या तिशीतल्या माणसाचं तसं नसतं. केंद्र सरकारच्या 2018 च्या सूचनांत बुद्धिमत्तेबरोबर रोजचं वागणंही तपासायला सांगितलं होतं. त्यांत टक्केवारी ठरायची सामाजिक परिपक्वतेच्या गुणांवर. 55 ते 69 गुण म्हणजे 50 टक्के, 70 ते 84 म्हणजे 25, असं ते गणित होतं. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात. म्हणजे 69 चे 70 झाले की माणूस सवलतीबाहेर जायचा.

मग हे मोजमाप किती भरवशाचं? इथे पहिली अडचण वयाची. महाराष्ट्रात ओळखीच्या चाचण्या मुळात मुलांसाठी बनल्या. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला मराठी आणि कन्नडसाठी बिने चाचणीचं रूपांतर केलं, ते 3 ते 22 वयासाठी. नागपूरच्या मालिन यांची बुद्धिमत्ता चाचणी 15 वर्षांपर्यंतची, आणि त्यांनीच भारतासाठी बसवलेली सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टीही तिथेच थांबते. प्रौढांसाठी वेक्सलर चाचणी आहे. तिच्या कृतिचाचण्यांचं भारतीय रूपांतर प्रभा रामलिंगस्वामी यांनी 1974 मध्ये केलं.

पण 1974 च्या लोकांशी आजच्या माणसाची तुलना करायची का? जेम्स फ्लिन यांनी दाखवलं की अमेरिकेत दर दशकात सरासरी साधारण 3 गुणांनी वाढत गेली. त्यामुळे जुन्या निकषांवर गुण फुगतात, आणि ज्याला मदतीची गरज आहे तोच रेषेच्या वर जातो. गुण वाढले म्हणून आनंद मानण्यासारखं यात काही नाही.

भाषेने उलटं होतं. बागलाणातला अहिराणी बोलणारा किंवा सुरगाण्यातला कोकणा माणूस प्रमाण मराठीतला प्रश्न चुकला, तर त्याची बुद्धी कमी पडली की शब्द परका होता? नुसतं भाषांतर करून भागत नाही, कारण इंग्रजीतला सोपा शब्द मराठीत संस्कृत वळणाचा, अवघड होऊन बसतो. चित्रांच्या चाचण्या यातून थोड्या सुटतात, पण त्यांनाही शाळेची, कागद-पेन्सिलीची सवय लागते.

बाकीच्या गोष्टी साध्या, पण त्याच जास्त विसरल्या जातात. चष्मा घरी राहिला, ऐकू कमी येतं, गोळ्यांनी गुंगी आहे, पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी आलेला आहे. अशा दिवशीचे गुण त्या दिवसाचे असतात. तीच चाचणी लगेच पुन्हा घेतली तर सरावाने गुण वाढतात.

नीट केलेल्या अहवालात एकच आकडा नसतो. 70 गुण म्हणजे अंदाजे 65 ते 75, हा पट्टा अमेरिकन मनोविकार संघटनेची नियमावलीही मानते. त्यामुळे अहवाल हातात आला की चाचणीचं नाव, तिची आवृत्ती, कोणत्या भाषेत घेतली आणि हा पट्टा, एवढं त्यात आहे का बघा. नसेल तर मानसशास्त्रज्ञांकडे लेखी मागता येतं.