अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज बदलताना

घरातील अ‍ॅम्प्लिफायर एकाएकी मुका झाला, पुढचा दिवाही पेटेना, की पहिला संशय जातो तो मागच्या बाजूच्या छोट्या काचेच्या नळीवर. शालेय पाठ्यपुस्तके जिला वितळतार म्हणतात, तोच हा फ्यूज. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत तो अत्यल्प किमतीत मिळतो. दुकानदार किती अँपिअरचा हवा ते विचारतो, आपण आकडा सांगतो आणि व्यवहार संपतो. त्या आकड्याआधीच्या रोमन अक्षराकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

फ्यूजच्या धातूच्या टोपीवर ‘टी ३.१५ ए एल २५० व्ही’ असा बारीक मजकूर असतो. ‘टी’ म्हणजे सावकाश वितळणारा, ‘एफ’ म्हणजे झटपट तुटणारा. अ‍ॅम्प्लिफायर सुरू होताच ट्रान्सफॉर्मर, विशेषतः कड्याच्या आकाराचा टोरॉइडल, आणि रिकामे कपॅसिटर क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतात. ‘टी’ जातीचा फ्यूज हा धक्का सोसतो. त्याच आकड्याचा ‘एफ’ बसवल्यास यंत्र निर्दोष असूनही तो बटण दाबताच उडू शकतो. मग कोणीतरी ‘जरा मोठा घाला’ असा सल्ला देतो, आणि खरा धोका तेथूनच सुरू होतो.

आयईसी ६०१२७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बनलेला फ्यूज मुळातच बराच सोशिक असतो. छापील आकड्याच्या दीडपट प्रवाह त्याने तासभर सोसावा, अशी अपेक्षा असते. म्हणजे ३.१५ चा फ्यूज सुमारे ४.७ अँपिअर तासभर वाहू देतो. त्याजागी ६.३ चा बसवला, तर ही मर्यादा साडेनऊच्या घरात जाते. तोवर ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीवरील वॉर्निश जळू लागलेले असू शकते. घरातील १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तांब्याच्या तारेचा धागा किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणे म्हणजे तर फ्यूज काढूनच टाकणे होय.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. काही यंत्रांत आतील भागांच्या रक्षणासाठी मुद्दाम ‘एफ’ योजलेला असतो. तेथे ‘टी’ चालत नाही. खोबणीजवळ छापलेला मजकूर हाच अंतिम मानावा.

‘एल’ हे फ्यूजच्या तोडक्षमतेचे अक्षर आहे. साध्या काचेचा ‘एल’ फ्यूज ३५ अँपिअर किंवा स्वतःच्या दहापट, यांपैकी जो अधिक असेल तेवढा प्रवाह सुरक्षितपणे तोडतो. ‘एच’ १,५०० अँपिअर. म्हणून ‘एल’च्या जागी ‘एच’ चालेल, ‘एच’च्या जागी ‘एल’ नाही. मोटारीचा ३२ व्होल्टचा फ्यूज आकाराने बसला तरी घरच्या विजेवर वापरू नये. लांबी बहुधा २० मिलिमीटर असते, जुन्या यंत्रांत ३२ मिलिमीटरही आढळते.

अमेरिकेहून आणलेल्या यंत्राचा व्होल्टेज निवडक १२० वरून २३० वर केला, तर फ्यूजही बदलावा लागतो. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झाल्याने प्रवाह निम्म्यावर येतो. ४ अँपिअरच्या जागी २ चा लागतो. अशा यंत्रांवर बहुधा दोन्ही आकडे छापलेले असतात. हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या ‘खास ध्वनीच्या’ फ्यूजचा मोह मात्र टाळलेलाच बरा.

प्लग काढून जुना फ्यूज उजेडात धरावा. तार मधोमध तुटली असून काच स्वच्छ असेल, तर किंचित जादा प्रवाह किंवा वय हे कारण संभवते. काच काळी वा चंदेरी पडली असेल, तर आत शॉर्ट आहे असे समजावे. बहुधा ब्रिज रेक्टिफायर किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असतो. असे यंत्र जाणकार तंत्रज्ञ आधी ६० किंवा १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडून तपासतो. बल्ब लखलखीत पेटतच राहिला, तर दुसरा फ्यूज घालण्यात अर्थ नसतो.