मॉरिशसचं तिकीट

गेल्या महिन्यात आपल्या गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला आणि एक ताई मागे थांबली. तिची भाची आखातात घरकामाला निघाली होती. एजंट म्हणाला होता, "पासपोर्ट माझ्याकडेच राहू द्या, तिकडे गेल्यावर मालक ठेवेल. बायकांना कशाला ती कटकट?" ताईचा प्रश्न साधा होता, "यात वाईट काय? सांभाळेलच ना कुणीतरी." उत्तर द्यायला आम्हाला दीडशे वर्षं मागे जावं लागलं. तीच गोष्ट आज सांगतो.

हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या बाजूला मॉरिशस नावाचं छोटं बेट आहे. तिथे उसाचे मोठमोठे मळे होते आणि त्यांवर गुलाम राबत. इंग्रजांनी गुलामी बंद केली, तेव्हा मळेवाल्यांना मजूर हवे झाले. ते त्यांनी आपल्या देशातून नेले. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ मजूर तिथे उतरले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून जास्त माणसं गेली. बहुतेक बिहारकडची, काही तमिळ, काही तेलुगू. मुंबई बंदरातूनही जहाजं सुटत. त्यांत आपल्या कोकणातली, रत्नागिरीकडची माणसं होती, घाटावरचीही होती. बायकाही होत्या. कुणी नवऱ्याबरोबर गेली, कुणी एकटी.

पोर्ट लुई बंदरात जहाज लागलं की दगडी पायऱ्या चढून वर यायचं. त्या सोळा पायऱ्या आजही तिथे आहेत. त्या जागेला आता 'आप्रवासी घाट' म्हणतात आणि २००६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. वर कचेरी होती. कारकून विचारायचा नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव. उंची मोजायची, अंगावरची खूण लिहायची, मग एक नंबर द्यायचा. जहाजातून उतरलेलं माणूस त्या नंबराने ओळखलं जाऊ लागलं.

आता विचार करा. आपली माणसं बोलणार आपल्या बोलीत आणि लिहिणारा इंग्रजी नाहीतर फ्रेंच वळणाचा. त्याने ऐकलं तसं लिहिलं. आपल्या आधार कार्डावर 'सुनंदा'चं 'सुनिता' झालं तर आपण तालुक्याला खेटे घालतो. त्यांना तर काय लिहिलंय हे वाचताही येत नव्हतं. कित्येक घरांत पणजोबाचं नुसतं नावच पुढे आडनाव होऊन बसलं आणि खरं आडनाव विसरलं गेलं.

करार साधारण पाच वर्षांचा असायचा. एक दिवस खाडा केला की दोन दिवसांची मजुरी कापायची रीत होती. तरी माणसं पाच वर्षं काढायची, या आशेवर की नंतर आपण मोकळे. कुणी भाजी लावावी, कुणी गाय पाळावी, कुणी फेरीवर माल विकावा. मळेवाल्यांना तेच नको होतं. हाताखालचा मजूर मोकळा झाला तर स्वस्तात काम कोण करणार?

म्हणून १८६७ मध्ये एक कायदा आला. करार संपलेल्या माणसानेही तिकीट जवळ ठेवायचं, त्यावर त्याचा फोटो. त्याशिवाय पोलिसांचा पास. राहायचा जिल्हा ठरलेला. दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर परवानगी काढायची. रस्त्यात शिपायाने अडवलं आणि तिकीट घरी विसरलेलं असलं, तर तो माणूस 'भटक्या' ठरायचा. मग अटक, दंड, कैद. तिकीट हरवलं तर नव्यासाठी पैसे भरायचे. ते नसले की पुन्हा मळ्यावर करार करायचा. अशा धरपकडीत हजारो माणसं सापडली. कुणी बाजाराला निघालेलं, कुणी नातेवाइकाकडे.

नीट बघा मैत्रिणींनो. यात बेडी कुठेच नव्हती, नुसता कागद होता. पण त्या कागदाचे नियम मळेवाल्यांच्या सोयीने लिहिलेले होते आणि त्यावर काय लिहिलंय हे धारकाला ठाऊक नव्हतं.

मग या माणसांनी काय केलं? कागदाला कागदानेच उत्तर दिलं. त्याच बेटावर आडॉल्फ द प्लेविट्झ नावाचा एक गोरा माणूस होता, मळ्याचा कारभार बघणारा. त्याला हा अन्याय सोसवेना. त्याच्या मदतीने १८७१ मध्ये गव्हर्नरकडे अर्ज गेला. त्यावर ९,४०१ जुन्या मजुरांची नावं होती. रात्रंदिवस धरपकडीची भीती असताना त्यांनी आपलं नाव त्यावर घातलं. मळेवाले खवळले, प्लेविट्झवर हल्लाही झाला. पण अर्ज दाबता आला नाही. १८७२ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला, १८७५ मध्ये त्याचा अहवाल आला. पोलिसांची छळवणूक त्यात नोंदली गेली आणि १८७८ मध्ये मजुरांचा नवा कायदा झाला. सगळं एका दिवसात सुधारलं नाही, पण जाच कमी झाला. १९१० मध्ये मजूर नेणंच बंद पडलं.

गोष्टीचा पुढचा भाग आणखी मोलाचा आहे. त्या कचेरीतली दप्तरं जळली नाहीत. नंबर, जहाजाचं नाव, गाव, फोटो असं बरंच काही आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलंय. फोटोंत बायकांचेही चेहरे आहेत. नातवंडं-पतवंडं तिथे येतात, नंबर शोधतात आणि आपलं मूळ गाव कुठलं ते वाचतात. तिथले मराठी लोक आजही गणपती बसवतात, समुद्रात विसर्जन करतात. त्या दिवशी देशभर सुट्टी असते. मार्च २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रपतींनी तिथे जाहीर केलं की भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड मिळू शकेल. त्यासाठी पूर्वज भारतातून आल्याचा पुरावा लागतो. ज्या नोंदीने पणजोबाला जखडलं, तीच आज पतवंडाला माहेरचं दार उघडून देते.

म्हणून ताईला आम्ही म्हटलं, कागद वाईट नसतो. तो कुणाच्या हातात आहे आणि आपल्याला वाचता येतो की नाही, यावर सगळं असतं. आखातातही राहण्याचा परवाना लागतो, सौदीत त्याला इकामा म्हणतात. तो मालकामार्फत निघतो. तो जवळ नसला की माणूस रस्त्यावर अडतं, अगदी त्या १८६७ सारखं. पासपोर्ट तर ना एजंटचा, ना मालकाचा. ती भारत सरकारची मालमत्ता आहे, असं त्यावरच छापलेलं असतं.

भाचीसाठी आम्ही चार गोष्टी लिहून दिल्या. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघायचं. दहावी न झालेल्या बाईला घरकामासाठी अशा देशांत जायचं तर वय किमान तीस लागतं आणि सरकारची परवानगी लागते. त्यासाठीचं कार्यालय मुंबईत आहे. करार आपल्या भाषेत वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा करायचा नाही. आणि पासपोर्ट, व्हिसा, कराराच्या दोन-दोन झेरॉक्स काढायच्या, एक तिच्याकडे, एक घरी आईकडे.

ताई म्हणाली, "आईला वाचता येत नाही." मग एक प्रत गटाच्या पेटीत ठेवायचं ठरलं. बचतीच्या वहीशेजारी ती आता आहे. एजंटकडून पासपोर्टही परत मागून घेतला. मैत्रिणींनो, तुमच्या गावातून कुणी निघाली असेल तर तिच्याही कागदांना तुमच्या पेटीत जागा करा.