स्लॅप दावा

सार्वजनिक प्रश्नावर बोलणाऱ्या व्यक्तीला वा संस्थेला गप्प करण्याच्या हेतूने दाखल केलेल्या दाव्यास स्लॅप दावा म्हणतात. ‘सार्वजनिक सहभागाविरुद्धचे डावपेचात्मक दावे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दसमूहाच्या आद्याक्षरांवरून ही संज्ञा बनली. अमेरिकेतील डेन्व्हर विद्यापीठाचे जॉर्ज प्रिंग आणि पेनेलोपी कॅनन यांनी १९८०च्या दशकात ती रूढ केली. असा दावा बहुधा अब्रुनुकसानीचा असतो. निकाल मिळवण्यापेक्षा प्रतिवादीचा वेळ, पैसा आणि धीर खर्ची पाडणे हा त्याचा उद्देश असतो. म्हणूनच अनेकदा नुसत्या नोटिशीनेच काम भागते.

मानसशास्त्र

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणसाला लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख अधिक तीव्र वाटते, आणि अगदी क्षीण शक्यतेलाही तो वाजवीपेक्षा अधिक वजन देतो. कोट्यवधींची भरपाई मान्य होण्याचा संभव नगण्य असला, तरी त्या आकड्याची धास्ती नगण्य नसते. नोटिशीतील बोजड भाषा आणि तोकडी मुदत तीत भर घालतात. सल्ला घेण्यापूर्वीच माफीनामा हा एकमेव खात्रीचा मार्ग वाटू लागतो. एकाला नोटीस आली की तिची जरब इतर दहा जणांवर बसते, आणि त्यांना नोटीस पाठवावीही लागत नाही.

याउलट स्वातंत्र्यावर गदा येते असे वाटल्यास माणूस हट्टाने प्रतिकार करतो, असे जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडले. धाक उलटतो तो यामुळे.

मॅकलायबल खटला

लंडनमधील एका लहान गटाने वाटलेल्या पत्रकावरून मॅकडॉनल्ड्सने १९९० मध्ये पाच जणांवर दावा लावला. तिघांनी माफी मागितली. हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस मात्र नमले नाहीत. इंग्लंडमध्ये बदनामीच्या दाव्यात सरकारी कायदेशीर मदत मिळत नसल्याने दोघांनी बहुतांशी स्वतःच बाजू मांडली. सुनावणी ३१३ दिवस चालली. १९९७ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. परंतु पत्रकातील काही आरोप खरे ठरले आणि मूठभरांनी वाचलेले पत्रक जगभर पोहोचले. मदत नाकारल्याने दोघांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००५ मध्ये दिला.

कायदेशीर तरतुदी

असे दावे आरंभीच फेटाळण्याची तरतूद कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये केली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये निर्देश काढला. भारतात स्वतंत्र कायदा नाही. ओडिशातील धामरा बंदरावरून टाटा सन्सने ग्रीनपीसवर १० कोटी रुपयांचा दावा लावला होता. त्यात मनाई हुकूम देण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग–झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या संज्ञेचा उल्लेख करून, अपवादात्मक परिस्थिती वगळता सुनावणीपूर्वी प्रकाशनास मनाई करू नये, असे म्हटले. अर्थात प्रत्येक कठोर नोटीस स्लॅप नसते. खरोखर बदनामी झालेल्यालाही नोटीस हाच पहिला उपाय असतो, आणि या दोहोंत भेद करणे हेच न्यायालयांपुढील अवघड काम ठरले आहे.