चॅपल हिलचे दप्तर

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बड्या घराण्यांना पत्रे जपून ठेवायची सवय होती. 1883 मध्ये तिथल्या टपालाचा दर तीन सेंटांवरून दोन सेंटांवर आला आणि लिहिणे अधिकच सोपे झाले. लेकीचे आजारपण, कापसाचा भाव, रेल्वेचे शेअर, मुलाच्या कॉलेजचा खर्च, काळ्या काठाच्या कागदावरची मृत्यूची वार्ता, असे सगळे त्या पत्रांत असे. वाचून झाली की ती फितीने बांधली जात आणि पेटीत किंवा माळ्यावर पडून राहत. नातवंडांच्या काळात घर विकले जाई, कुठे आग लागे, कुठे कसर लागे. अशी पत्रे वाचवण्यासाठी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने जानेवारी 1930 मध्ये चॅपल हिल येथे ‘सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन’ रीतसर सुरू केले.

त्याची मुळे आणखी मागे जातात. विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड स्वेन यांनी 1844 मध्येच एक इतिहासमंडळ काढून कागद जमवायला सुरुवात केली होती. पण त्या कामाला वेग दिला तो जे. जी. डी रूलॅक हॅमिल्टन या इतिहासाच्या प्राध्यापकाने. 1929 मध्ये ग्रंथालयाची नवी इमारत उघडली, सेरा ग्रॅहम केनन यांनी 25,000 डॉलरची देणगी दिली आणि हॅमिल्टन फोर्ड गाडी घेऊन दक्षिणेच्या रस्त्यांवर निघाले. महामंदीचे दिवस होते. जुन्या हवेल्यांचे दरवाजे ठोठवायचे, वारसांशी ओळखी काढायच्या, माळ्यावरच्या पेट्या खाली उतरवायच्या आणि गाडी भरून परत यायचे, असा त्यांचा क्रम 1948 मध्ये निवृत्त होईपर्यंत चालला. इतर राज्यांतल्या दप्तरखान्यांना हा माणूस आपले धन उचलून नेतो असे वाटे. घर उपसून नेणारा अशा अर्थाचे ‘रॅन्सॅक’ हे टोपणनाव त्यांना पडले. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर वाटतो. ते गेले नसते तर यातले कितीतरी कागद आज उरले नसते.

मात्र ते कोणाच्या दारात गेले, हेही पाहायला हवे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेवर हॅमिल्टन यांनी 1914 मध्ये ग्रंथ लिहिला. त्यात कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला त्यांनी आपत्ती मानले आणि कू क्लक्स क्लॅनची बाजू समजुतीने मांडली. त्यांची गाडी मुख्यतः मालकांच्या घरांपुढे थांबत होती. दक्षिण म्हणजे मालकांची दक्षिण, असे त्यांनी धरलेले होते.

तरीही एक गोष्ट त्यांनी बरोबर केली. कागद उचलताना त्यांनी निवड केली नाही. पत्रांबरोबर हिशेबाच्या वह्या आल्या, मुकादमांच्या चिठ्ठ्या आल्या, गुलामांच्या जन्मनोंदी आल्या. पुढे त्याच कागदांनी त्यांचा इतिहास खोटा ठरवला.

या संग्रहातल्या कॅमेरॉन घराण्याच्या दप्तरात हे ठळक दिसते. डरहॅमजवळ स्टॅगव्हिल आणि फेअरनटॉश हे त्यांचे मळे. 1860 च्या सुमारास पॉल कॅमेरॉन यांच्याकडे सुमारे 30,000 एकर जमीन आणि सुमारे 900 गुलाम होते. युद्धानंतर गुलाम मुक्त झाले आणि मजूर कोणत्या अटीवर राहतील, जमीन वाट्याने कोणाला द्यावी, हा घोर सुरू झाला. पॉल कॅमेरॉन यांनी बंद पडलेले विद्यापीठ 1875 मध्ये पुन्हा उघडण्यासाठी खटपट केली. विद्यापीठाच्या आवारातला एक रस्ता आजही त्यांच्या नावाने आहे. 1891 मध्ये ते वारले.

याच दप्तरात 1859 चे एक पत्र आहे. कॅमेरॉन कुटुंब आजारी मुलीला, मिल्ड्रेडला, उपचारांसाठी फिलाडेल्फियाला नेत असे. तिथे 1848 मध्ये त्यांची दासी मेरी वॉकर निसटली. मुले मागे राहिली. अकरा वर्षांनी भूगर्भशास्त्रज्ञ पीटर लेस्ली यांनी मेरीच्या वतीने मिल्ड्रेडला लिहून त्या मुलांना पैसे देऊन सोडवण्याची परवानगी मागितली. उत्तर आले नाही. आई आणि मुलांची भेट 1865 मध्ये, युद्ध संपल्यावर झाली. हा धागा धरून सिडनी नेथन्स यांनी 2012 मध्ये मेरीचे चरित्र लिहिले. 2017 मधल्या त्यांच्या दुसऱ्या पुस्तकात त्याच घराण्याची पुढची कथा आहे. कॅमेरॉननी 1844 मध्ये 114 माणसांना अलाबामातल्या मळ्यावर धाडले होते. 1870 च्या दशकात तोच मळा त्यांनी तुकड्यांनी विकायला काढला, आणि त्या 114 पैकी पॉल हारग्रेससारख्यांनी तिथे जमीन विकत घेतली. हर्बर्ट गटमन यांनी तर या घराण्याच्या जन्मनोंदींवरून 1976 मध्येच दाखवून दिले होते की गुलाम माणसे मुलांना वडिलांची, आजोबांची नावे ठेवून आपली कुटुंबे टिकवत होती. नोंद करणाऱ्याला फक्त मालमत्ता मोजायची होती.

संस्थाही हळूहळू बदलत गेली. 1941 मध्ये हस्तलिखितांची पहिली छापील मार्गदर्शिका निघाली. 1973 मध्ये जॅकलिन डाउड हॉल यांच्या पुढाकाराने विद्यापीठात मौखिक इतिहासाचा उपक्रम सुरू झाला आणि ज्यांच्या घरी पत्रांच्या पेट्या नव्हत्या त्यांचे बोलणे फितीवर येऊन या संग्रहात दाखल होऊ लागले. 2017 पासून मेलन फाउंडेशनच्या मदतीने उलट दिशेचा प्रवासही झाला. ध्वनिमुद्रक आणि स्कॅनर भरलेल्या पाठपिशव्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्त्यांत पोचवण्यात आल्या. आपले कागद लोकांनी स्वतः नोंदवायचे आणि मूळ प्रती स्वतःकडेच ठेवायच्या. हॅमिल्टन यांच्या गाडीपेक्षा ही पाठपिशवी मला अधिक न्यायाची वाटते.

2020 मध्ये इतिहास विभागाने आपल्या इमारतीला हॅमिल्टनऐवजी नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या पॉली मरी यांचे नाव वापरायचे ठरवले. 1938 मध्ये वर्णामुळे या विद्यापीठाने त्यांना प्रवेश नाकारला होता. त्यांच्या आजी, कॉर्नेलिया, चॅपल हिलजवळच्या स्मिथ घराण्यात गुलाम म्हणून जन्मल्या होत्या. त्या घराण्याच्या मेरी रफिन स्मिथ यांनी 1885 मध्ये मृत्युपत्राने विद्यापीठाला जमीन दिली. त्यांचे कागदही याच संग्रहात आहेत.

रॅली, डरहॅम, केरी या भागात आता बरीच मराठी कुटुंबे राहतात. त्यांनी एकदा स्टॅगव्हिलला जाऊन हॉर्टन ग्रोव्हमधली गुलामांची घरे पाहावीत आणि मग चॅपल हिलच्या विल्सन ग्रंथालयात कॅमेरॉन पत्रांची पेटी मागवावी. तिथे बसून वाचायला पदवी लागत नाही, आणि संग्रहाची सूची इंटरनेटवर सर्वांना खुली आहे.