वालचंद हिराचंद : नीरा कालव्याकाठचे साहसी उद्योजक

नीरा नदीचा डावा कालवा माळेगाव बुद्रुकच्या परिसरातून बारामतीकडे येतो आणि पुढे इंदापूर तालुक्यात शिरतो. १८८० च्या दशकात वाहू लागलेल्या या कालव्याने दुष्काळी पट्ट्यात ऊस आणला खरा. मात्र त्या उसाचा दीर्घकाळ गूळच होत होता. गुऱ्हाळांच्या या मुलखात यंत्राने साखर करण्याचा घाट ज्यांनी मोठ्या प्रमाणावर घातला, त्यांत वालचंद हिराचंद दोशी हे नाव अग्रभागी आहे. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर उभ्या राहिलेल्या वसाहतीला पुढे त्यांचेच नाव मिळाले. तेच आजचे वालचंदनगर.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील, दिगंबर जैन. सोलापुरात कुटुंबाची सावकारी आणि कापसाच्या व्यापाराची पेढी होती. मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले; पण ते अर्धवट सोडून त्यांना घरच्या व्यवसायात यावे लागले. गादीवर बसून वह्या तपासण्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेली ही वाट भोर घाटातील बोगद्यांपर्यंत आणि तानसाहून मुंबईला पाणी आणणाऱ्या जलवाहिनीपर्यंत गेली. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी हे या कंत्राटदारीचेच फळ होय.

पण ज्या धाडसामुळे त्यांचे नाव देशभर झाले, ते समुद्रावरचे. पहिल्या महायुद्धानंतर जहाजांची टंचाई होती आणि हिंदुस्थानच्या सागरी व्यापारावर ब्रिटिश कंपन्यांची घट्ट पकड होती. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धकाळात रुग्णालय म्हणून वापरलेली ‘लॉयल्टी’ ही जुनी बोट विक्रीस आहे, असे कळताच वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृतींना सोबत घेऊन ती खरेदी केली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली. नरोत्तम मोरारजी आणि वालचंद हे दोघेही तिच्यावर होते. ५ एप्रिल हा दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासामुळे. व्यवहार म्हणून पाहिले तर ‘लॉयल्टी’ फायद्याची ठरली नाही. काही वर्षांतच ती मोडीत निघाली. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून सिंदियाची कोंडी केली आणि १९२३ च्या करारात तिला किनारी वाहतुकीपुरते बांधून ठेवले. तरीही कंपनी टिकली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे निधन झाल्यावर तिची धुरा वालचंद यांच्याकडे आली.

याच सुमारास त्यांचे लक्ष कालव्याकाठच्या जमिनींवर होते. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे त्यांनी आधीच मोठी शेती उभी करण्यास सुरुवात केली होती. (बारामतीच्या माळेगावाशी नामसाधर्म्य असले तरी हे मालेगाव वेगळे.) इकडे १९२७ मध्ये भाटघर येथे लॉइड धरण पूर्ण झाल्याने नीरा कालव्यांच्या पाण्याची शाश्वती वाढली होती. मार्सलंड प्राईस ही इंग्रजी कंपनी वालचंद समूहाने ताब्यात घेतली होती. कळंबची शेती आणि साखरेचा धंदा तिच्याच नावाने चालला. १९३२ मध्ये सरकारने साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण दिले आणि लगोलग कळंब व रावळगाव या दोन्ही ठिकाणी कारखाने सुरू झाले. कंत्राटदाराच्या शिस्तीने केलेली ही शेती होती. माळ सपाट करणे, चर खणणे, रस्ते आखणे, कामगारांची घरे बांधणे ही सारी कामे बोगद्याच्या कामासारखी आखून पार पाडली गेली. नांगर आणि बैलजोडी एवढेच जाणणाऱ्या मुलखाला ते नवे होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी जे आरंभले त्याचा वेग आजही थक्क करतो. १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी गृहस्थाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालवीत असत. त्या ओळखीतून, म्हैसूर संस्थानच्या भागीदारीने, डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, २१ जून १९४१ रोजी, विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स आली. तीन-चार वर्षांत विमान, जहाज आणि मोटार! परक्या सरकारच्या काळात, सरकारची मर्जी नसताना हे घडले, हे विसरता येत नाही.

यांतील बरेचसे त्यांच्या हाती राहिले नाही. विमान कारखान्यातील त्यांचे भाग सरकारने १९४२ मध्येच विकत घेतले. विशाखापट्टणमला बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण पंडित नेहरूंच्या हस्ते १४ मार्च १९४८ रोजी झाले. परंतु १९५२ मध्ये त्या कारखान्याची बहुतांश मालकी सरकारकडे गेली. वालचंद यांची प्रकृती त्याआधीच खालावली होती. १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे मुलगा नव्हता. गुलाबचंद, रतनचंद, लालचंद हे बंधू आणि त्यांची मुले यांनी उद्योगांचा भार वाहिला.

कालव्याकाठी मात्र वारे बदलत होते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. त्याच दशकात माळेगाव आणि भवानीनगर येथेही शेतकऱ्यांनी स्वतःचे कारखाने उभारले. ऊस पिकवणाऱ्यानेच कारखान्याचा मालक व्हावे, ही कल्पना खासगी साखर कंपन्यांच्या मळ्यांपेक्षा अगदी वेगळी होती. पाठोपाठ १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला. साखर कंपन्यांच्या ताब्यातील जमिनी सरकारकडे गेल्या आणि त्या कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. वालचंदनगर आणि रत्नपुरी येथील मळे त्यातच आले.

जमीन गेली, कारखान्याची कार्यशाळा राहिली. साखरेची यंत्रे दुरुस्त करता करता ती बनवणे आणि पुढे साखर व सिमेंटचे संपूर्ण कारखाने उभारून देणे, असा वालचंदनगर इंडस्ट्रीजचा प्रवास झाला. १९७० च्या दशकापासून इस्रोच्या अग्निबाणांसाठी लागणारी मोटरची कवचे येथे तयार होऊ लागली. चांद्रयानाला अवकाशात नेणाऱ्या यानांचे भाग इंदापूर तालुक्यातील या गावात घडले आहेत.

जमिनीचा प्रश्न तेवढ्या सहज सुटला नाही. कंपन्यांनी पूर्वी अनेक शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडाने जमिनी घेतल्या होत्या. कायद्यानंतर त्या मूळ मालकांकडे न जाता महामंडळाकडे गेल्या. ‘खंडकरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या वारसांनी कोर्टकचेऱ्या, मोर्चे, उपोषणे यांत दोन पिढ्या घालवल्या. राज्यात त्यांना प्रत्यक्ष जमीनवाटप सुरू होण्यास २०१२ साल उजाडावे लागले. महामंडळाच्या मळ्यांवर राबलेल्या कामगारांच्या घरांचा आणि देण्यांचा प्रश्न त्यानंतरही मागे उरला.